गुडघ्यात इंजेक्शन घेतलं, दुखायचं थांबलं, मग आता गोळ्या कशाला?

वाचकाचं पत्र:

नमस्कार डॉक्टर, मी बिबवेवाडीतून लिहितेय. माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत, शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. काही वर्षांपूर्वी पायाचा अंगठा सुजला तेव्हा गाऊट (यूरिक अॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) आहे असं कळलं, यूरिक अॅसिड कमी करणारी फेबक्सोस्टॅट ४० ही गोळी सुरू केली, ती तीन महिने घेऊन बरं वाटल्यावर त्यांनी बंद केली. आता मित्रांबरोबर आखाड पार्टी झाली आणि दुसऱ्या रात्री उजवा गुडघा इतका सुजला की चादर लागली तरी ओरडत होते. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी गुडघ्यातून सिरिंजभर पिवळट गढूळ पाणी काढलं, लॅबला पाठवलं आणि ट्रायमसिनोलोन ४० एमजी या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी परत दुखायला लागलं, मी घाबरले, पण दुसऱ्या दिवशी दुपारी हे चालायला लागले! तिसऱ्या दिवशी शुगर उपाशीपोटी २८० आली, आता १७० आहे. यूरिक अॅसिड ८.९ होतं. रिपोर्टमध्ये क्रिस्टल दिसले असं लिहिलंय, कल्चरचा, म्हणजे पाण्यात जंतू आहेत का त्याचा, रिपोर्ट आणायला आम्ही परत गेलोच नाही. आठ दिवस झालेत. सासूबाई म्हणतात स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात. हे म्हणतात गोळ्या नकोत, परत दुखलं तर परत इंजेक्शन घेऊ. शिवाय गणपतीत मंडळाच्या मिरवणुकीला जायचंच आहे. मी नक्की कशावर लक्ष ठेवू?

उत्तर:

ताई, बाकीचं वाचायच्या आधी एक काम करा, आजच कुणाला तरी पाठवून कल्चरचा रिपोर्ट मागवून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. लोक हा कागद फार सहज सोडून देतात कारण तोपर्यंत दुखणं थांबलेलं असतं. पण क्रिस्टल दिसले म्हणजे जंतुसंसर्ग नाहीच असं होत नाही, एकाच गुडघ्यात दोन्ही असू शकतं, आणि शुगरच्या माणसात ती शक्यता जास्त. ताप असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, गाऊट आधीपासून माहीत होता, म्हणून डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं ते बरोबरच आहे, आणि आठ दिवसांत गुडघा छान आहे म्हणजे रिपोर्ट बहुतेक चांगलाच असेल. तरीही तो बघून फाईलला लावा.

आणि हो, डॉक्टरांनी पाणी काढून लॅबला पाठवलं याचं मला मनापासून बरं वाटलं. बरेचदा रक्तातलं यूरिक अॅसिड वाढलेलं दिसलं की दुखणाऱ्या प्रत्येक सांध्याला गाऊट म्हटलं जातं, पण खरा पुरावा सांध्यातल्या पाण्यात असतो. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली यूरेटचे क्रिस्टल सुईसारखे टोकदार दिसतात, एका दिशेला पिवळे चमकतात आणि त्याच्या काटकोनात निळे. १९६१ पासून ही तपासणी आहे आणि अजूनही यापेक्षा पक्कं काही नाही. तुमच्या रिपोर्टवर ती ओळ आहे म्हणजे निदानाबद्दल आता शंका ठेवायचं कारण नाही. शिवाय पाणी काढल्याने सांध्यातला ताण कमी होतो, निम्मा आराम तर तिथेच मिळतो.

आता त्या संध्याकाळी काय झालं ते सांगते, कारण तुम्ही घाबरलात आणि असंच खूप जणांचं होतं. स्टेरॉइडबरोबर बहुतेक वेळा भूल देणारं लिग्नोकेनही घालतात, त्यामुळे पहिले काही तास गुडघा एकदम हलका वाटतो, मग भूल उतरते आणि स्टेरॉइडचं काम अजून सुरू झालेलं नसतं, त्या मधल्या वेळात परत दुखतं. काही जणांना तर औषधाच्या बारीक कणांमुळेच एक-दोन दिवस सांधा जास्त दुखतो, कुणाचा चेहरा लाल होतो, गरम वाटतं. हे सगळं ४८ तासांत ओसरायला पाहिजे. उलट दोन दिवसांनंतर दुखणं वाढत चाललं, गुडघा गरम आणि लाल झाला, थंडी वाजून ताप आला, सुईच्या जागेतून काही यायला लागलं, किंवा पाय टेकवताच येईना, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी हॉस्पिटल गाठायचं. इंजेक्शनमधून सांध्यात इन्फेक्शन होणं फारच क्वचित घडतं पण झालं तर काही दिवसांत सांधा खराब होतो. तुमचे मिस्टर त्या टप्प्यातून सुखरूप बाहेर आलेत.

शुगरचं सांगायचं तर २८० बघून धडकी भरली असेल, पण हे अपेक्षित होतं आणि खरं तर इंजेक्शन द्यायच्या आधीच कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांध्यात दिलेलं स्टेरॉइड थोडं रक्तात जातंच, त्यामुळे शुगर दोन ते पाच दिवस चढते, कधी आठवडाभर. आता १७० आहे म्हणजे खाली येतेय. घरच्या ग्लुकोमीटरवर अजून आठ दिवस सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी बघा, पहिल्यासारखी झाली की रोजचं टोचणं बंद करा. सलग ३०० च्या वर राहिली, सारखी तहान लागली, लघवी वाढली, गुंगी आल्यासारखं वाटलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. शुगरची गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नका, कारण स्टेरॉइडचा असर उतरला की तीच वाढवलेली गोळी शुगर खाली पाडते.

सासूबाईंची भीती उगाच नाहीये. महिनोन्‌महिने तोंडावाटे स्टेरॉइड घेतलं की हाडं ठिसूळ होतात हे खरंच आहे. गुडघ्यातल्या एका इंजेक्शनने तसं होत नाही, ही इंजेक्शनं १९५० च्या आसपासपासून दिली जातायत आणि शुगर-बीपी-किडनी यामुळे ज्यांना पेनकिलर झेपत नाही अशांना, एकच सांधा सुजलेला असेल तर, हा फार चांगला उपाय आहे. त्यांना समजवा की या वेळी डायक्लोफिनॅक या पेनकिलरचा आठवडाभराचा कोर्स दिला असता तर किडनी आणि बीपीला जास्त त्रास झाला असता.

पण मिस्टरांचं "परत दुखलं तर परत इंजेक्शन" हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही, आणि हे सदर आज त्यासाठीच लिहितेय. एका सांध्यात साधारण तीन महिन्यांच्या आत परत इंजेक्शन देत नाहीत, वर्षात तीन-चारच्या वर तर नाहीच. २०१७ मध्ये गुडघ्याच्या झिजेच्या पेशंटवर झालेला एक अभ्यास आहे, त्यात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी हेच ट्रायमसिनोलोन ४० एमजी दिलं, तर नुसतं सलाईन टोचलेल्यांपेक्षा यांच्या गुडघ्यातली गादी जास्त झिजली आणि दुखण्यात काही विशेष फरक पडला नाही. ते पेशंट गाऊटचे नव्हते, पण गुडघा तर गुडघाच. म्हणजे औषध वाईट नाही, ते सारखं सारखं घेणं वाईट.

आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. इंजेक्शनने सूज गेली, यूरिक अॅसिड जागच्या जागी आहे. तुम्ही पाक करता ना, तो जास्त घट्ट झाला की थंड झाल्यावर कडेला साखर धरते, रक्तातही तसंच होतं. यूरिक अॅसिड साधारण ६.८ च्या वर गेलं की ते विरघळलेलं राहत नाही, सांध्यात खडे धरायला लागतात, आणि पायाचा अंगठा शरीरात त्यातल्या त्यात थंड म्हणून सुरुवात बहुतेक तिथून होते. तुमच्याकडे ८.९ आहे! गुडघा आज दुखत नाहीये पण आतमध्ये क्रिस्टल तसेच बसलेत आणि नवे जमतायत. आकडा ६ च्या खाली आणून तिथेच ठेवला की साचलेले क्रिस्टल हळूहळू विरघळतात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षंसुद्धा. कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर पांढुरक्या गाठी असतील तर ५ च्या खाली आणावं लागतं. जरा बघा त्यांच्या कोपरावर तसं काही आहे का, दुखत नाही म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून गोळी. फेबक्सोस्टॅट किंवा अॅलोप्युरिनॉल, यातली कोणती ते डॉक्टर ठरवतील, हार्टचा काही त्रास असेल तर आवर्जून सांगा कारण मग फेबक्सोस्टॅट देताना जास्त विचार करतात. सुरुवात कमी डोसने होते, अॅलोप्युरिनॉल असेल तर रोज १०० एमजी किंवा त्याहून कमी, आणि दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासून हळूहळू वाढवायचं. अॅलोप्युरिनॉलवर अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले तर त्याच क्षणी गोळी बंद आणि थेट डॉक्टरांकडे. हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत नीट लक्ष ठेवून बघायचं असतं.

एक गोष्ट मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते गोळी परत सोडतील. यूरिक अॅसिड खाली यायला लागलं की जुने क्रिस्टल सुटे होतात आणि त्या काळात गाऊटचा अटॅक, म्हणजे सांधा परत अचानक सुजून दुखणं, येऊ शकतो. माणसाला वाटतं गोळीमुळेच दुखलं, आणि तो गोळी फेकून देतो. माझ्यासमोर बसून कितीतरी जणांनी असं सांगितलंय. म्हणून पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनची छोटी गोळी जोडीला देतात, ०.५ एमजी दिवसातून एकदा किंवा दोनदा. जुलाब लागले तर डोस कमी करायला लागतो म्हणून कळवा, आणि किडनीचा त्रास असेल किंवा घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं असेल तर कोल्चिसिन घेतोय हे सांगितल्याशिवाय एकही डोस नको, ही दोन औषधं एकत्र आली तर जीवावर बेतू शकतं. आणि अटॅक आला तरी यूरिक अॅसिडची गोळी चालूच ठेवायची, अटॅकचा इलाज वेगळा करायचा.

लक्ष कसं ठेवायचं विचारलंत. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच, त्याच्याच चौकटीत रोज सकाळी दोन आकडे लिहा, दुखणं दहापैकी किती आणि शुगर किती. आठवड्यातून दोनदा शिवणकामाची टेप घेऊन पाय सरळ ठेवून वाटीच्या मधोमध दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजा, डाव्यापेक्षा उजवा किती जास्त ते कळेल. झोपलेले असताना टाच मागे ओढून गुडघा डाव्याइतका वाकतो का तेही बघा. सूज दोन आठवड्यांत बऱ्यापैकी उतरायला हवी. उतरली नाही किंवा उतरून परत चढली तर डॉक्टर परत पाणी काढून बघतील. सुईच्या जागी कातडी जरा पांढुरकी पडली किंवा खळगा पडला तर घाबरू नका, स्टेरॉइडने होतं तसं, आपल्या रंगावर जास्त उठून दिसतं आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत भरून येतं.

यूरिक अॅसिडची तपासणी अटॅक पूर्ण शांत झाल्यावर दोन आठवड्यांनी परत करा. ऐन अटॅकमध्ये ते नॉर्मलसुद्धा येतं आणि मग लोक म्हणतात गाऊट नव्हताच. त्याच वेळी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. आकडा एकदा ६ च्या खाली स्थिर झाला की मग सहा महिन्यांनी एकदा पुरे.

हालचालीचं म्हणाल तर पहिले दोन दिवस आराम झाला असेलच, आता घरात चालणं, सोसायटीत सपाट चालणं चांगलं. पण दुखत नाही म्हणून लगेच पर्वती चढायला जायचं नाही, सिंहगड तर दूरच. अजून आठवडाभर उकिडवं बसणं, मांडी घालणं, जड उचलणं टाळा. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहापर्यंत मोजायचं आणि खाली ठेवायचा, एवढा व्यायाम मांडीच्या स्नायूंसाठी रोज करू दे. पुढे कधी अटॅक आला तर गरम शेक नको, तेल लावून रगडणं तर मुळीच नको, फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. आणि मेडिकलमधून स्वतःच पेनकिलर आणायची नाही. कुणी सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या दिल्या तर सरळ परत करा, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि सासूबाई ज्याला घाबरतायत ते तिथे खरंच होतं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण घरात आमटी बंद केली असणार याची मला खात्री आहे, कारण गाऊट म्हटलं की शेजारीपाजारी सगळे आधी डाळ बंद करायला सांगतात. आमटी सुरू करा. डाळी, पालक यातल्या प्युरिनने (ज्याचं शरीरात यूरिक अॅसिड बनतं) गाऊट फारसा वाढतो असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही, आणि दूध-दही-ताक तर फायद्याचं आहे. वाढतो तो दारूने, त्यातही बिअरने, कलेजी-वजरी-भेज्याने, लाल मटण जास्त खाल्ल्याने, बांगडा-तारलीसारख्या माशांनी आणि गोड कोल्ड्रिंकने. आखाड पार्टीत यातलं बरंचसं एकाच रात्री पोटात जातं आणि वर पाणी कमी प्यायलेलं असतं. आता गुडघा दुखतोय म्हणून कुणी प्रेमाने पाया सूप पाठवेल, ते मात्र घेऊ नका. वजन जास्त असेल तर हळूहळू कमी करा, कडक उपास करून नाही, उपाशी राहिल्यानेही अटॅक येतो. पण ताई, एक समजून घ्या, नुसत्या पथ्याने ८.९ चं ६ होत नाही. बहुतेकांची किडनीच यूरिक अॅसिड कमी बाहेर टाकते, त्यात बरंचसं आनुवंशिक असतं, म्हणूनच पूर्ण शाकाहारी माणसांनाही गाऊट होतो. त्यामुळे त्यांना पार्टीवरून रोज बोलून उपयोग नाही, त्या भांडणापेक्षा गोळी वेळेवर हातात देणं जास्त कामाचं आहे.

गणपतीला जाऊ दे त्यांना. गुडघ्याची सूज उतरलेली असेल, नीट वाकत असेल, गोळ्या सुरू असतील तर मिरवणुकीला जायला माझी हरकत नाही. लक्ष्मी रोडवर रात्रभर उभं राहायचं नाही, तास-दीड तास झाला की कुठेतरी बसायचं, पाण्याची बाटली जवळ ठेवायची, आणि त्या दिवशी दारू नाही म्हणजे नाही. कोल्चिसिन खिशात असू दे, अटॅक आला तर किती घ्यायची ते डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून आणा, कारण पहिल्या काही तासांत घेतली तर ती जास्त चांगली लागू पडते.

फॉलोअपला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि घरी निघायच्या आधी बीपीच्या गोळीचं नाव वाचा. नावाच्या शेवटी एच असेल तर त्यात बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, लघवी वाढवणारं औषध, आणि त्याने यूरिक अॅसिड वाढतं. ही गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका, बीपी चढलं तर दुसरंच संकट, पण डॉक्टरांना थेट विचारा की बदलून मिळेल का. लोसार्टन नावाची बीपीची गोळी यूरिक अॅसिडही थोडं उतरवते, त्यांच्या किडनीला आणि पोटॅशियमला चालत असेल तर डॉक्टर ती देऊ शकतील.